वैशाखातलं दव

१

भुताखेताच्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत. छत्तीस वर्षं मी वीज मंडळात वायरमन होतो. भर पावसात, मसणवट्याला लागून असलेल्या डीपीवर एकट्यानं फ्यूज टाकलेत. तिथं मला कधी कुणी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तर मी म्हणालो असतो, बाबा, आलाच हाईस तर जरा बॅटरी धर. आमच्या धंद्याचा एकच मंत्र. लाईन बंद आहे असं साहेब सांगो नाहीतर साक्षात देव सांगो, आपण स्वतः टेस्टर लावल्याबिगर तारेला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या शब्दावर हात लावणारे दोघं माझ्या डोळ्यांदेखत गेले.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, आप्पासाहेब म्हातारपणी सरकले. सरकलो होतो, नाही म्हणत नाही. पण कसा ते ऐका.

पडेगावात, दौलताबाद रोडच्या आतल्या अंगाला आमची गल्ली. मधी पंधरा फुटाचा रस्ता. अलीकडं मी, पलीकडं केरबा. केरबा लासूर स्टेशनकडचा धनगर. सगळी हयात मेंढरांमागं हिंडण्यात गेली. गुडघे गेले तेव्हा पोरानं, आदिनाथनं, मेंढरं भावकीत देऊन टाकली आणि म्हाताऱ्याला इथं दोन खोल्यांत आणून बसवलं. आदिनाथ आणि सूनबाई ज्ञानेश्वरी दोघंही वाळूजला कंपनीत, शिफ्टवर. माझी वच्छलाबाई तीन वर्षांमागं गेली, पोरगा शिवराज पुण्याला. म्हणजे दिवसभर गल्लीत आम्ही दोन म्हातारे आणि चार कुत्री.

रोज सकाळी साडेपाचला केरबा आपली काळी घोंगडी बाहेर आणायचा, काठीनं तीनदा झोडायचा आणि कंपाउंडच्या भिंतीवर टाकायचा. थप, थप, थप. त्या आवाजाला मी उठायचो आणि माझ्या ओट्यावरचा रातचा दिवा बंद करायचो. घोंगडी भिंतीवर आली म्हणजे केरबा उठला. दिवा विझला म्हणजे आप्पा उठला. हे आम्ही बसून ठरवलं नव्हतं, आपसूक अंगवळणी पडून गेलं. एखाद्या दिवशी मला उशीर झाला की तो भिंतीपाशी उभा राहून मोठ्यानं खाकरायचा. बस्स, एवढंच.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसे आम्ही दोघं दुरूनच साजरे. दुपारी तो माझ्या ओट्यावर यायचा, चहा व्हायचा. टँकर कधी येणार, नळाला पाणी आठव्या दिवशी का दहाव्या, कुणाच्या मेंढीला जुळी झाली, सगळं बोलायचो. पण चार वर्षांत "केरबा, कसा हाईस रे?" असं मी एकदाही विचारलं नाही. त्यानंही नाही. गड्यानं गड्याला असलं काय विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा तेवढं त्यानं घोंगडीचं सांगितलं होतं.

"आप्पा, मेंढरामागच्या गड्याची घोंगडी राती कधी भायेर नसती. तेच त्याचं घर. फकस्त लांडगा आसपास असला ना, तवा ती काठीवर टाकून ठेवायची. त्याला वाटावं, माणूस बसलाय. आन् आपण रातभर जागायचं."

"आणि लांडगा फसला नाही म्हंजे?"

"मंग काय! दुसऱ्या तळावरचा गडी पाहतो ना, घोंगडी राती भायेर हाय. त्यानं उठून यायचं असतंय."

मी हसलो होतो. पडेगावात कुठला लांडगा?

२

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. डोळा उघडला तर पाच चाळीस. थप थप ऐकू आलं नव्हतं. खिडकीतून पाहिलं, घोंगडी भिंतीवर होती. म्हटलं, आज आपलीच झोप गाढ लागली असंल. दिवा बंद केला, चहा टाकला. घोंगडी पांढुरकी दिसत होती, दवानं चिंब. तेही मी पाहिलं. पाहिलं आणि पेपर उघडला.

साडेनऊला ज्ञानेश्वरी रातपाळीवरून आली, आदिनाथ अजून कंपनीतच होता. दाराला आतून कडी. तिनं हाका मारल्या, मग तिचा आवाज चिरकला. गल्लीतल्या चौघांनी दार तोडलं. केरबानं स्वतःच स्वतःला संपवलं होतं.

लोकांनी काय सांगितलं, तर हार्ट अटॅक. पाहुण्यांना तेच, पेपरातल्या निधनवार्तेत तेच. खरं बोललं तर जणू तोंड विटाळतं. मलाही कुणी विचारलं तर मी "हार्ट" म्हणायचो. मला त्या सगळ्यांचा राग येतो, आणि सगळ्यात जास्त माझा येतो.

कारण पंचनाम्याला आलेला जमादार माझ्या शेजारीच उभा राहून दुसऱ्याला सांगत होता, "सात-साडेसातच्या पुढंच झालंय हे." आणि घोंगडीवर रातभराचं दव होतं. म्हणजे ती आदल्या संध्याकाळपासून बाहेर होती. म्हणजे गडी रातभर जागा होता. मी दिवा बंद केला तेव्हा तो खिडकीपाशीच असणार. आप्पा उठला, हे त्यानं पाहिलं असणार. मग पुढचे दोन तास तो कशाची वाट पाहत होता?

मी टेस्टर लावला नाही. पंधरा फुटाचा रस्ता ओलांडला नाही. लांबून घोंगडी दिसली आणि म्हटलं, आहे, लाईन चालू आहे.

३

तेराव्यानंतर आदिनाथनं घर बंद केलं. ज्ञानेश्वरीला त्या खोलीत पाय ठेववेना. दोघं लासूर स्टेशनला तिच्या माहेरी गेले. जाताना आदिनाथ म्हणाला, "आप्पा, लाईट तेवढी तोडून द्या." मी खांबावरून घरात येणारी वायर कापली, मीटरजवळचे दोन्ही फ्यूज काढले आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकले. तोडलेल्या दाराची आतली कडी उचकटून पडली होती. ती काही त्यानं नवी बसवली नाही, बाहेरूनच कुलूप घातलं.

घोंगडी ज्ञानेश्वरी टाकून द्यायला निघाली होती.

"दे इकडं," मी म्हणालो.

"आप्पा, कशाला घेता? गेलेल्याचं अंथरूण घरात ठेवू नाय."

"दे म्हणतो ना, बाई."

लोखंडी पेटीत ठेवली, वर वच्छलाबाईची लुगडी ठेवली आणि कोयंडा लावला.

मग दुपारी लांबायला लागल्या. चहा एकाचा करायचा तर तो बेचवच होतो, कितीही साखर घाला. भूक गेली. झोप तीनला उडायची आणि मग छताच्या पंख्याचे फेरे मोजत पडायचं. बीपीच्या गोळ्या बंद केल्या. शिवराज रविवारी फोन करायचा. "आप्पा, बरंय ना?" "बरंय की. मला काय धाड भरलीय?" झाला फोन.

गल्लीच्या टोकाला गोकुळ राहतो. चाळिशीचा वायरमन, माझ्याच हाताखाली शिकला. त्याला बोलावून माझं सगळं सामान देऊन टाकलं. पक्कड, टेस्टर, कंबरेचा पट्टा.

"आप्पा, कुणाला बोट लावू देत नव्हते तुम्ही ह्याला!"

"आता मला कुठं खांबावर चढायचंय? घे."

तो खुशीत गेला. मी घराची कागदं एका फायलीत नीट लावली, वर शिवराजचं नाव घातलं.

आता आडपडदा कशाला ठेवू? माझाही बेत ठरला होता. वैशाखात वच्छलाबाईचं सालाचं श्राद्ध, ते एकदा पार पडलं की झालं. दिवस ठरला आणि मला लई हलकं वाटायला लागलं. भूक लागली. दाढी केली. शिवराज फोनवर म्हणाला, "आप्पा, आज आवाज काय मस्त येतोय तुमचा." बिचारा. त्यालाही लांबून घोंगडीच दिसत होती.

४

श्राद्धाला नऊ दिवस राहिले होते. सकाळी थप, थप, थप ऐकू आलं.

मी सवयीनं उठलो, दिवा बंद केला आणि मग आठवलं. केरबाला जाऊन पाच महिने झाले. समोरच्या भिंतीवर काहीच नव्हतं. कुणीतरी गादी झोडत असंल, असं म्हणून दार उघडलं.

घोंगडी माझ्या भिंतीवर होती. व्यवस्थित पसरलेली, दोन्ही बाजूंना सारखी. जवळ गेलो. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक बारीक थेंब होते, पांढुरके. हात फिरवला तर तळवा ओला झाला, आणि मेंढरांचा तो ओलसर वास आला.

वैशाखात दव? आमच्या पडेगावात? बेचाळीस डिग्री चालू होतं. सकाळी सहाला भिंतीचा दगड कोमट लागत होता. नळाला पाणी येऊन नऊ दिवस झाले होते, माणसाला प्यायला मिळेना, तिथं घोंगडीवर कोण शिंपडणार?

घरात येऊन पेटी पाहिली. कोयंडा लावलेला. आत लुगडी जशीच्या तशी, त्यांची घडीसुद्धा हललेली नाही. फक्त तळाला घोंगडीची जागा रिकामी. मी पेटीवर बसून राहिलो. आप्पा, म्हटलं, हे तूच केलंस. झोपेत उठलास, काढलीस, टाकलीस. झोपेत चालणारी माणसं असतात. अरे, पण दव? ते म्हटलं, माठातलं पाणी. माठ पाहिला, काठोकाठ भरलेला होता.

घोंगडी उन्हात वाळवली आणि परत पेटीत ठेवली.

५

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मग मात्र माझ्यातला वायरमन जागा झाला. फॉल्ट शोधायचा तर एका टोकापासून.

पेटीच्या कोयंड्याला काळी टेप तीन वेढे गुंडाळली. पेटीपासून दारापर्यंत चाळणीनं रांगोळी भुरभुरली, पाय पडला तर उमटावा. माझ्या पलंगाभोवतीही भुरभुरली, कारण मला माझ्यावरच शक होता. दाराची कडी आतून लावली आणि तिला दोऱ्यानं गाठ मारली. एवढा बंदोबस्त तर साहेबाच्या पाहणीलाही कधी केला नव्हता.

सकाळी थप, थप, थप.

टेप जशीच्या तशी. रांगोळीत उमटलेलं एक बोट नाही. दोऱ्याची गाठ माझीच. पेटी रिकामी. आणि ह्या खेपेला घोंगडी भिंतीवर नव्हती, ती ओट्याच्या कठड्यावर होती. दाराला आणखी चार फूट जवळ.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्याशी, दाराच्या बाहेरच्या कोयंड्याला अडकवलेली. दार उघडलं आणि तिचा ओला काठ माझ्या तोंडाला लागला. मी ओरडलो, लाज कशाला वाटून घ्यायची! त्या ओल्या लोकरीला वैशाखाचा गारवा नव्हता. मार्गशीर्षाचा होता.

पण भीती सगळी तिची नव्हती. उंबऱ्यात उभं राहून मी मनात हिशेब केला, तर श्राद्धाला पाच दिवस राहिले होते. दिवस जवळ येत होता, तशी घोंगडीही जवळ येत होती. आणि केरबाचं वाक्य डोक्यातून जाईना. लांडगा आसपास असला, तवाच ती भायेर ठेवायची.

मी पेटीत ठेवायचं सोडून दिलं. काय उपयोग?

६

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी गोकुळ आला. लाडवांचा डबा घेऊन आला होता, बायकोनं पाठवलेला. ओट्यावर टेकला.

"आप्पा, तुमची ती घोंगडी रातभर भायेरच असती का? मी उशिरा घरी येतो तवा रोज पाहतो. भिंतीवर, नायतर कठड्यावर."

"असती."

"व्हय ना. मी बायकोला म्हणलं पण, आप्पा खुशाल हायेत. घोंगडी टाकतेत, काढतेत, रमलेत."

हाच पोरगा, ह्याला मीच शिकवलं होतं. स्वतः तपासल्याबिगर हात लावायचा नाही. आणि हाही लांबून घोंगडी पाहून पुढं जात होता. त्याला काय बोलू? माझी मूठ मीच झाकलेली.

गोकुळ उठला, दोन पावलं गेला आणि वळला.

"आन् आप्पा, समोरच्या ओट्यावरचा दिवा कोण लावतं हो? आदिनाथ येतो का?"

"कुठला दिवा?"

"केरबाबाच्या ओट्यावरला. रातभर चालू असतो. सकाळी विझतो."

"अरे, लाईन तोडलीय त्याची. फ्यूज माझ्या ड्रॉवरात हायेत."

गोकुळ हसला. "मंग डायरेक्ट टाकली असंल कुणी. पाहतो उद्या." असं म्हणून तो निघून गेला. सूर्य मावळत होता. समोरच्या बंद घरावर ऊन होतं आणि दिवा तेव्हा तरी काळाच होता. मी तिकडं पाहायचं टाळायला लागलो होतो हे मला त्या वेळी कळलं. पाच महिन्यांत मी संध्याकाळनंतर त्या बाजूची खिडकी उघडलीच नव्हती.

घोंगडी इकडं, दिवा तिकडं. म्हणजे आमची अदलाबदल झाली होती.

७

श्राद्ध नीट झालं. शिवराज बायकापोरांसह आला, पिंडदान झालं, कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाई तृप्त हाय. तीन वाजता ते निघाले. गाडीच्या काचेतून शिवराज म्हणाला, "आप्पा, सुट्टी हाय, या की पुण्याला."

"येतो."

"नक्की?"

"अरे, येतो म्हणलं ना."

गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो. त्याचा हात काचेबाहेर होता. मग घरात येऊन भांडी घासली, पुसून ठेवली, गॅस बंद केला आणि समोरच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसलो. दार उघडंच होतं, त्या दिवशी खिडकीही. आतल्या खोलीत मी काय ठेवलंय ते मला माहीत होतं, आणखी कुणालाच नाही. अंधार पडायची वाट पाहत होतो.

दिवेलागणीला समोरचा दिवा लागला.

मी ड्रॉवर उघडला. दोन्ही फ्यूज तिथंच होते. ते हातात घेतले आणि रस्ता ओलांडला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. पंधरा फूट. मीटर पाहिला, फ्यूजच्या जागी दोन भोकं, मधी कोळ्याचं जाळं. खांबावरून घरात येणारी वायर मीच कापलेली, टोक लोंबतंय. आणि डोक्यावर दिवा जळतोय. टेस्टर गोकुळला देऊन बसलो होतो, म्हणून बोटानं काच चाचपली. चटका बसला.

मग मी वळलो. केरबा रोज जिथं उभा राहायचा तिथं उभा राहून मी माझ्या घराकडं पाहिलं.

माझ्या खिडकीत, माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं होतं. खांद्यावर काळं, मान खाली.

घोंगडी आहे, म्हटलं. खुर्चीवर घोंगडी टाकलीय, आपणच टाकली असंल, अंधारात माणूस दिसतोय. आप्पा, अक्कल गहाण टाकू नको. त्यानं गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले. मी उठताना आधी टेबलाला हात टेकतो, डावा, कारण उजवा खांदा दुखतो. त्यानं डावा हात टेकला. उठला. एकदा भिंतीवरच्या वच्छलाबाईच्या फोटोकडं पाहिलं आणि सावकाश आतल्या खोलीकडं निघाला. सगळं उरकल्यासारखा. भांडी घासून झालेल्या माणसासारखा.

माझं दार लागलं. आतून कडी पडल्याचा आवाज मला रस्त्याच्या ह्या अंगाला ऐकू आला.

मी धावलो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, एक चप्पल रस्त्यातच राहिली. दोन्ही हातांनी दारावर बुक्क्या मारल्या.

"उघड! अरे उघड दार! आप्पा! आप्पा, ऐकतोस का?"

आतून काहीच नाही. मग माझ्या तोंडून दुसरंच यायला लागलं.

"केरबा! अरे, मी पाहिलं होतं रे दव! पाहिलं होतं मी! उघड, माझ्यापाशी बस. बोलू नको हवं तर. मी चहा टाकतो, नुस्ता बस. केरबा, उघड रे!"

मी रडत होतो. गल्लीत दारं उघडली, कुत्री भुंकली. मी वाजवतच राहिलो, हाताची सालं निघाली तरी. आणि मग कडी सरकली. सावकाश, कुणीतरी म्हाताऱ्या हातानं सरकवावी तशी. दार चार बोटं आत गेलं.

खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीवर घोंगडी होती, खांद्यांच्या जागी दोन उंचवटे अजून तसेच. तिच्या काठातून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं.

गोकुळ धापा टाकत मागं येऊन उभा राहिला. "आप्पा! कुणाला हाका मारताय? आत कोण हाय?"

"मी हाय," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. मी त्याचा हात धरला आणि उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नसंल असं सरळ सांगितलं. "गोकुळ, आज मी जीव देणार होतो. मला एकट्याला सोडू नको."

चांगला पोरगा. शहाणपण शिकवत बसला नाही. मला ओट्यावर बसवलं, आपण माझ्याजवळ खाली बसला, हात सोडला नाही. बायकोला हाक मारून आतल्या खोलीतलं ते त्यानं आपल्या घरी नेववलं. शिवराजला फोन लावला. त्यांची गाडी पुण्याच्या अलीकडं पोचली होती, तिथून वळली. मध्यरातीपर्यंत कशाला, त्याच्या आधीच माझं पोरगं माझ्या पायाशी बसून लहानपणीसारखं मुसमुसत होतं, आणि मी त्याला म्हणत होतो, गप, गप, आता सांगितलंय ना.

८

आता दर पंधरा दिवसाला क्रांती चौकाजवळच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं जातो. आधी लई कुरकुर केली. मी काय येडा हाय का? बाई म्हणाल्या, "नाही, आजारी आहात. बीपीला गोळी घेता ना? तसंच." गोळ्या चालू आहेत. बोलणंही चालू आहे, ते गोळीपेक्षा कडू. केरबाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही गेला असता तर वाचलाच असता असं कुणी सांगू शकत नाही, आणि त्याचं ओझं एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. बरं वाटलं. वैशाखातल्या दवाचं मात्र नाही सांगितलं. त्याची गोळी नसणार.

शिवराज दर शनिवारी येतो. आणि रोज सकाळी गोकुळ येतो. दिवा पाहून नाही, घोंगडी पाहून नाही, फोनवरही नाही. दार वाजवतो, मी उघडायचं, त्यानं माझं तोंड पाहायचं. "आप्पा, कसे हाव?" विचारल्यावर "बरंय" म्हणलेलं त्याला चालत नाही. माझं सामानही त्यानं परत आणून दिलं. म्हणाला, तुमचा टेस्टर तुमच्यापाशीच असू द्या.

घोंगडी मी दिवस मावळायच्या आत घरात घेतो आणि रात्री पांघरतो. कोरडी असते.

चहा झाला की आम्ही दोघं रस्ता ओलांडतो. केरबाच्या कुलूप लावलेल्या दारावर मी तीनदा थाप मारतो आणि विचारतो, "केरबा, कसा हाईस रे?" गल्लीतली पोरं हसतात. हसू देत.

काल विचारलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्या दाराला आतून कडीच नाही. गोकुळनं माझा दंड घट्ट धरला, म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. दार मात्र उघडलं नाही. बाहेरचं कुलूप तसंच लोंबत होतं, आणि दाराच्या खालच्या फटीतून गार, ओलसर वारा माझ्या पायाला लागत होता.

गोकुळ म्हणाला, "आप्पा, चला."

मी गेलो नाही. दाराला पाठ लावून त्याच्या ओट्यावर खाली बसलो.

"सावकाश काढ कडी," म्हणालो. "मी बसलोय."